आधी पाणी द्या, मग 'ण' शिकवा

मागच्या आठवड्यात आमच्या वॉर्डाच्या ग्रुपवर एका ताईंनी लिहिलं, "चार दिवस झाले नळाला पानी नाही. कोनाला फोन करायचा?"

दहा मिनिटांत पहिलं उत्तर आलं. "पानी नव्हे, पाणी. कोनाला नव्हे, कोणाला. आधी मराठी शिका." खाली अकरा जणांचे हसरे चेहरे. ताई ग्रुपमधून बाहेर पडल्या. नळ कोरडाच.

मंडळी, याला भाषेची सेवा म्हणायचं का? पानी म्हणजे काय हे कुणाला कळलं नव्हतं? अख्खा वऱ्हाड, खानदेश पानीच म्हणतो. तहान तीच असते.

ज्या शुद्धलेखनाचा दांडका करून आपण लोकांना हाणतो, त्याचं वय तरी बघा. साहित्य महामंडळाचे 14 नियम सरकारनं 1962 साली मान्य केले, 1972 साली आणखी चार आले. त्याआधी 'नांव', 'गांव', 'कांहीं' लिहिणारा बरोबर होता, आज तोच चुकतो. 'कवि'चा 'कवी' झाला. म्हणजे आजोबांचं जुनं पत्र ग्रुपवर टाकलं, तर त्यांनाही मराठी शिकायला पाठवणार?

ही खोडही जुनीच. जोतीराव फुल्यांच्या लिखाणातलं व्याकरण काढून चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त त्यांची टर उडवली होती. मुद्दा अडचणीचा असला की वेलांटी मोजायची!

नियम नकोत असं मी म्हणत नाही. पाठ्यपुस्तकात, सरकारी फलकावर, बातमीत चूक दिसली तर जरूर बोला, ते त्यांचं कामच आहे. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब, तिथं अर्थच बदलत असेल तर विचारा. पण अडचण सांगणाऱ्या माणसाला आधी उत्तर द्या. चूक सांगायचीच असेल तर नंतर, एकट्याला, नीट शब्दांत सांगा.

आता कबुली. त्या अकरा हसऱ्या चेहऱ्यांत एक माझा होता. दुसऱ्या दिवशी लाज वाटली. ताईंच्या घरी गेलो, माफी मागितली, पाणीपुरवठ्याचा नंबर दिला.

त्या एवढंच म्हणाल्या, "दादा, हाच नंबर कालच दिला असता तर?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे असेल तर लिहा. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तरी चालेल.