गवत म्हणजे नेमकं कोणतं?

मोगऱ्याच्या आळ्यात हरळी शिरली की खुरप्याचं काही चालत नाही. वरचा पाला निघतो, पण जमिनीखालची कांडी तुटते आणि तुटलेल्या तुकड्याच्या पेरापेरातून नवा कोंब येतो. जोर लावून उपटावं, तर मोगऱ्याची मुळंच हातात येतात. अशा जागी निवडक तणनाशक वापरावं, या मताचा मी आहे.

सोयाबीनवाल्या शेतकऱ्यांना क्विझालोफॉप ओळखीचं आहे. गवताच्या पेशींना लागणारी स्निग्धाम्लं ज्या विकरामुळे तयार होतात, ते विकर हे औषध बंद पाडतं. रुंद पानांच्या झाडांत त्याची घडण वेगळी, म्हणून ती तगतात. आठवडाभर काहीच दिसत नाही. मग गवताचा मधला पोंगा ओढून पाहा, अलगद सुटून येतो, बुडाशी कुजलेला. जुनी हरळी मात्र पुन्हा फुटते, दुसरा हात द्यावा लागतो. पाण्यावाचून सुकलेल्या गवतावर औषध वाया जातं. पावसाने उघडीप दिल्यावर, गवत जोमात असताना ते द्यावं.

घोटाळा होतो तो नावांमुळे. गाजरगवत नावापुरतंच गवत, त्याला हे औषध बाधत नाही. लव्हाळ्याची काडी बोटांत फिरवा, तीन धारा लागतील. तोही गवत नव्हे. केनाही तसाच उभा राहतो. कांद्याची पात अरुंद, तरी तो गवताच्या कुळातला नाही, म्हणून कांद्याच्या वाफ्यात हे औषध चालतं. उलट गवती चहा, वाळा, बांबू आणि तुमची हिरवळ ही अस्सल गवतं. एकदा कुंपणालगत फवारताना मी वाऱ्याकडे पाहिलं नाही आणि आईने लावलेला गवती चहाचा ठोंब गेला. ती हळहळ अजून आहे.

म्हणून बागेत पंप नकोच. लेबलवर शेतपिकांची नावं असतात. आपलं झाड त्यात नसेल, तर त्याच्यावर थेंबही पडू देऊ नये. लेबलवरच्या प्रमाणात केलेलं द्रावण ब्रशने फक्त गवताच्या पात्यांना पुसावं. हातमोजे, मास्क हवेतच. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकं फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ते औषध वेगळं होतं, पण बाटली हाताळताना मला ती माणसं आठवतात.

आणि हरळी म्हणजेच दूर्वा. औषध लावलेल्या वाफ्यातली जुडी गणपतीला खुडू नका. दूर्वांची एक कुंडी लांब, वेगळी ठेवा.