म्हातारी मांजर सोडायची कुठे?

गेल्या महिन्यात एक जवळचे नातेवाईक घरी आले. येताना दुकानातलं एक रिकामं पोतं घेऊन आले होते. म्हणाले, "भाईजान, तिला यात घाला आणि मटण मार्केटला सोडून या. तिथं खायला काही कमी नाही. तुम्हीही सुटाल, तीही सुटेल."

सल्ला वाईट मनाने दिलेला नव्हता. आमची चाललेली ओढाताण ते बघत होते. आणि आमच्या सोलापुरात काय, बऱ्याच गावांत काय, नकोशी झालेली मांजर अशीच मटण किंवा मासळी बाजारात सोडली जाते. पण त्यांचं "तीही सुटेल" हे दोन शब्दांचं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

आमची शब्बो १६ वर्षांची आहे. मुलगी बालवाडीत असताना पावसात भिजलेलं पिल्लू दप्तरात घालून घेऊन आली, तीच ही. मुलगी आता पुण्याला शिकायला गेली, शब्बो आमच्याकडे राहिली.

दोन वर्षांपूर्वी ती फार पाणी प्यायला लागली. आम्हाला वाटलं, सोलापूरचा उन्हाळा! पण पाऊस सुरू झाला तरी वाडगं रिकामंच व्हायचं. मग वजन उतरलं, उलट्या सुरू झाल्या, आणि शेवटी पोट अडलं. ट्रेमध्ये जाऊन बसायची, जोर लावायची, ओरडायची आणि तशीच बाहेर यायची. अम्मीने मायेने दूध पाजलं, तर उलट जुलाब लागले. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दूध पचत नाही, हे आम्हाला डॉक्टरांकडून कळलं. तोवर आम्ही १४ वर्षं मांजर पाळत होतो!

रक्त तपासलं तर क्रिएटिनिन वाढलेलं निघालं. म्हाताऱ्या मांजरांत मूत्रपिंडाचा आजार अगदी नेहमीचा आहे. मूत्रपिंड पाणी धरून ठेवू शकत नाही, ते लघवीवाटे निघून जातं, शरीर कोरडं पडतं आणि शौच खडा होते. म्हणजे आम्ही ज्याला पोटाचा आजार समजत होतो, त्याचं मूळ दुसरीकडेच होतं.

आता आमच्या घराचा दिवस तिच्याभोवती फिरतो. रोज लॅक्ट्युलोजचं सिरप. मीठ, कांदा, लसूण न घालता उकडलेलं चिकन त्याच्याच पाण्यात कुस्करून, थोडं थोडं, चार वेळा. आठवड्यातून दोनदा मानेजवळ कातडीखाली सलाईन. सुई माझी बायको टोचते, मी फक्त धरतो. ओरबाडे मात्र मला बसतात. तिचे सांधे धरलेत, म्हणून ट्रेची एक कड कापून खाली घेतली आहे.

खरी अडचण आली ती नमाजची. मांजर पाक आहे हे आपण सगळे जाणतो. हजरत अबू कतादा यांनी वुजूच्या पाण्याचं भांडं मांजरीपुढे कलतं केलं, सून आश्चर्याने बघत राहिली, तेव्हा त्यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांचा दाखला दिला, की मांजर नापाक नाही, ती तुमच्यातच वावरणारी आहे. पण उष्टं पाक असणं वेगळं आणि जानमाजवर लघवी होणं वेगळं. एका फजरला तेच झालं. अम्मीचा पारा चढला, आणि त्यांचं चुकत नव्हतं. तेव्हापासून जानमाज कपाटात, अम्मीच्या खोलीचं दार बंद, ट्रे मोरीजवळ आणि धुण्याचं काम माझ्याकडे. महिनाभराने अम्मीच फजर पढून विचारू लागल्या, "शब्बो का पेट साफ हुआ क्या?"

खर्चाबद्दलही बोलायला हवं. औषधं, तपासण्या, चिकन मिळून महिन्याला दीड-दोन हजार जातात. "एवढ्यात एखाद्या गरिबाचा किराणा भरला असता," असं ते नातेवाईक म्हणाले. हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. मी वही काढून बघितली. जकात आणि सदका जेवढा होता तेवढाच आहे, कमी झालं ते माझं हॉटेलातलं खाणं. पण एक गोष्ट मनात आली. मुलीच्या लग्नात दुसरा गोड पदार्थ वाढताना हा प्रश्न आपल्याला कुणी विचारत नाही. आणि तहानलेल्या कुत्र्याला मोज्यात पाणी भरून पाजणाऱ्या माणसाची हदीस आपण मुलांना शिकवतोच की! जनावरांवर दया करण्यातही सवाब आहे का, असं सहाबांनी विचारलं होतं. उत्तर होय असंच मिळालं.

आता त्या पोत्याकडे येतो. मांजर बांधून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. आपण ती क्रूरपणाची गोष्ट म्हणून सांगतो. पण त्या बाईने मांजरीला मारझोड केल्याचं त्यात कुठेच नाही. तिचा गुन्हा एवढाच, की तिने खायलाही दिलं नाही आणि स्वतःचं शोधून खायला मोकळंही सोडलं नाही.

"मग आम्ही सोडतोच ना!" असं कुणी म्हणेल. माझं म्हणणं इथेच आहे. शब्बोचे चार दात उरलेत, नजर अधू झाली आहे, पत्र्यावर उडी मारता येत नाही. बाजारातल्या तरण्या बोक्यांपुढे ती एक तुकडाही मिळवू शकणार नाही. १६ वर्षं ती आमच्या ताटावर जगली आणि शिकार विसरली. गळ्यात दोर नसला तरी ती बांधलेलीच आहे, आणि बांधलं आम्ही. तिला पोत्यातून बाजारात टाकणं म्हणजे सोडणं नव्हे, उपाशी ठेवण्याची जागा बदलणं आहे.

आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर इस्तंबूलच्या मशिदींतल्या मांजरांचे फोटो रोज येतात. आयासोफियातली ग्ली तर जगभर गाजली. २००४ साली जन्मलेली ही मांजर २०२० मध्ये वारली. म्हातारपणी तीही आजारी पडली, तिलाही दवाखाना लागला. तो फोटो आमच्या ग्रुपवर कधी आला नाही. पिल्लावर प्रेम करायला काही लागत नाही. पाळण्याची जबाबदारी कळते ती मांजर म्हातारी झाल्यावर.

ज्यांच्या घरी अशी मांजर आहे त्यांना दोन-तीन गोष्टी सांगतो. ती जास्त पाणी पिऊ लागली, वजन उतरलं, तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. दिवसभर काही खाल्लं नाही तर दवाखाना गाठा, कारण उपाशी मांजरीचं यकृत लवकर बिघडतं. माणसांची पॅरासिटामॉल चुकूनही देऊ नका, ती मांजरीला विष आहे. आणि महागडे उपचार झेपत नसतील तर लाजू नका. स्वच्छ पाणी, मऊ खाणं, सावलीचा कोपरा एवढं तरी प्रत्येक घर देऊ शकतं.

शब्बो बरी होणार नाही, हे आम्हाला माहीत आहे. तिचे हाल थांबवण्याच्या इंजेक्शनचा विषयही डॉक्टरांनी काढला होता. अजून ती वाटीचा आवाज ऐकून उठते, उन्हात येऊन बसते, म्हणून आम्ही थांबलो आहोत. तो निर्णय घ्यायची वेळ आली तर तिच्याजवळ बसून घेऊ.

ते पोतं मात्र कामाला आलं. धुऊन, चौघडी करून तिच्या ट्रेखाली अंथरलं आहे.