सही करण्याआधी पाहा

डी.फार्म.ची दोन वर्षं झाली की विद्यार्थ्याला 500 तासांचं प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं. त्यातले निदान 250 तास प्रिस्क्रिप्शन वाचून औषधं देण्यात जावेत, असा नियम आहे. तास भरतात. काहींचे नुसते कागदावरच भरतात, हे आपल्यापैकी कोणाला ठाऊक नाही? शेवटी फॉर्म समोर येतो, आपण सही करून शिक्का उमटवतो. त्या 500 तासांत या मुलाला रुग्णाशी बोलताना आपण एकदा तरी पाहिलं का?

इन्सुलिनचंच घ्या. ते मिलिलिटरला 40 युनिटचंही मिळतं आणि 100 युनिटचंही. सिरिंजही वेगळ्या : लाल टोपणाची 40ची, केशरी टोपणाची 100ची. वीस युनिट घ्यायला सांगितलेल्या आजीनं 100चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये 20च्या खुणेपर्यंत ओढलं, तर तिच्या अंगात 50 युनिट जातात. साखर झोपेत कोसळली तर घरच्यांना पत्ताही लागत नाही. काउंटरवर ही चूक अर्ध्या मिनिटात पकडता येते. लेखी पेपरात हे सगळं बिनचूक लिहिणारी मुलगी संध्याकाळच्या गर्दीत टोपणाचा रंग बघते का, हे मात्र तिच्या शेजारी उभं राहिल्याशिवाय कळणार नाही.

फार्म.डी.च्या 2008च्या नियमांनी हे ओळखलं होतं. इंटर्नचं ज्ञान, कौशल्य, जबाबदारी, इतरांबरोबर काम करण्याची क्षमता, पुढाकार या प्रत्येकाला 0 ते 5 गुण. एकातही 3पेक्षा कमी पडले तर इंटर्नशिप असमाधानकारक. नियम चांगला आहे. पण महिनाअखेरीस एका बैठकीत सगळ्यांना सरसकट चार दिले, तर त्या तक्त्याचा रुग्णाला काय उपयोग?

कमी गुण द्यायला आपला हात धजत नाही. गरीब घरचं पोर आहे, वर्ष वाया जाईल, असं मनात येतं. ही माया खरी आहे, मलाही ती सुटलेली नाही. पण तीच चूक पहिल्या आठवड्यात दाखवली असती, तर त्याचं वर्ष धोक्यात आलंच नसतं. वर्षाच्या शेवटी दाखवलेली माया त्या मुलाला काही शिकवत नाही, आणि तिची किंमत पुढे अनोळखी रुग्ण मोजतो.

म्हणून मेडिकल चालवणाऱ्यांनो, वॉर्डातल्या ज्येष्ठांनो, प्राध्यापकांनो, उठा! आठवड्यातून एकदा दहा मिनिटं काढा. विद्यार्थ्याला रुग्णासमोर उभं करा, तुम्ही मागे थांबा. रुग्णाला आधीची औषधं विचारली का, इनहेलर स्वतः ओढून दाखवायला सांगितला का, संधिवातासाठीची मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची, रोज नाही, हे रुग्णाकडून वदवून घेतलं का, ते पाहा. रुग्ण गेला की त्याच दिवशी, बाजूला घेऊन सांगा, आणि लॉगबुकात तारखेसह लिहा.

आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हीही गप्प बसू नका. सही मागायला जाल तेव्हा आधी म्हणा, ‘सर, मॅडम, पुढच्या प्रिस्क्रिप्शनची औषधं मी देतो, तुम्ही फक्त बघा, आणि कुठं चुकलं ते सांगा.’