नाशिकची ठेव, इराणचे व्याज

२०१८च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत इराणच्या महिलांनी कबड्डीच्या अंतिम सामन्यात भारताला २७-२४ असे हरवले आणि २०१० पासूनची आपली मक्तेदारी संपली. इराणच्या प्रशिक्षक शैलजा जैन नाशिकच्या. आधी खेळाडू, मग वर्षानुवर्षे मार्गदर्शक. भारतीय संघ घडवण्याची त्यांची इच्छा अपुरी राहिली होती. परदेशात फारसी शिकून, मुलींकडून प्राणायाम करवून घेत त्यांनी संघ बांधला. यात देशद्रोह कसला? बँकेतल्या नोकरीने मला एवढे शिकवले, की ठेव तिजोरीत पडून वाढत नाही. ती कामाला लावावी लागते. २०२३ मध्ये हांगझोऊला सुवर्ण परत मिळाले, तेही एका गुणाने. मैदान सोडलेल्या बाईच्या अनुभवाचे आपण काय करतो, हा प्रश्न मात्र उरलाच.