धंदा गेला, जात का जाईना?

गिरणीत रिंगखात्याला आहे मी. शाळा नववीत सुटली. पुढचं बाबासाहेबांच्या पुस्तकांनी शिकवलं. त्या जोरावर पंडितांना एक सवाल करतो.

तुम्ही म्हणता, जात म्हणजे कामाची वाटणी. सुतारानं लाकूड तासावं, कुंभारानं मडकं घडवावं, महारानं मेलेलं ढोर ओढावं. ठीक. मग काम बदललं की जात मेली पाहिजे. मेली का?

मुंबईत गिरण्या आल्या. यंत्र विलायतेचं, कुठल्याच स्मृतीत त्याचं नाव नाही. तरी जात फाटकातून आत शिरली. साचाखात्यात पगार जास्त. पण तिथं धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे. आपल्या थुंकीचा विटाळ! म्हणून आपल्या बापजाद्यांना रिंगखातं खुलं, साचाखातं बंद. विटाळ मानणारे कोण? त्यांच्याइतकेच घामानं निथळणारे सवर्ण कामगार. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल कामगार पुढाऱ्यांपुढं रोखठोक ठेवला.

आज एअरजेट मागावर धागा हवा नेते. धोटा गेला, थुंकी गेली. १९५८ च्या कायद्यानं महारवतनही गेलं. जात आहे तिथंच आहे. म्हणजे धंदा ही तिची नुसती वर्दी होती. तिची मुळी सोयरिकीत आहे.

पण दोस्तांनो, पंडितांना झोडपणं सोपं. आता आपल्या घरात या.

गेल्या साली बहिणीला स्थळ आलं. पोरगा शिकलेला, घरात रोज बुद्धवंदना. चहा झाला. त्याचा मामा हळूच म्हणाला, "पावणं, तुमी सोमवंशी का लाडवण?" १९५६ साली नागपुरात जे टाकून आलो, ते ह्या मामानं पिशवीत जपून आणलेलं! माझ्या बापानं मुकाट उत्तर दिलं. आणि मी, कविता वाचून स्टेज हलवणारा, बशीकडं बघत बसलो.

ती माझी गप्पी म्हणजे साचाखात्याचं बंद दारच. फरक इतकाच, की आता कडी आपण लावलीय.

साडेबारा पोटजाती मोजणारा, मातंगाची सून नको म्हणणारा, चांभाराच्या घरी जावई व्हायला कचरणारा कार्यकर्ता मनूला शिव्या कुठल्या तोंडानं देतो? मोर्चात शेजारी चालतं, मग पंगतीत, मांडवात का चालत नाही?

बहिणीचं लग्न अजून व्हायचंय. पुन्हा कोणी पोटजात विचारली तर उत्तर माझा बाप देणार नाही, मी देईन. "ते आम्ही १९५६ ला जाळलं. तुम्ही कधी जाळताय?" स्थळ मोडलं तर मोडू दे. तुमच्या घरी काय उत्तर जातं, ते बघा.

जयभीम.