किनारा हा वाडीचा बांध आहे, गाड्यांची वाट नव्हे

मागच्या आठवड्यात एक ओळखीचे बागायतदार माझ्याकडे आले. त्यांची वाडी किनाऱ्यालगत, सुरूच्या झाडांना चिकटून आहे. वाडीच्या पश्चिम टोकाची पंधरा गुंठे जागा चार वर्षांपासून पडीक आहे, कारण तिथल्या विहिरीला खारं पाणी लागलं. आता मुंबईची एक पार्टी ती जागा अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने मागते आहे. रुंद चाकांच्या सहा छोट्या चारचाकी गाड्या तिथे उभ्या राहणार. सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांना त्यावर बसवून, पुढे एक वाटाड्या ठेवून, किनाऱ्यावरून फेरी मारून आणणार. "साहेब, जागा तशीही ओसाडच आहे. घरबसल्या भाडं येतंय. द्यावी का?" असा त्यांचा प्रश्न होता.

प्रश्न एकट्याचा नाही. रायगडात नागाव, काशीदच्या किनाऱ्यावर अशा फेऱ्या पर्यटकांच्या ओळखीच्या झाल्या आहेत. आपल्याकडे भुईगाव, रानगाव, कळंब, राजोडी, अर्नाळा या पट्ट्यात शनिवार-रविवारी मुंबईकरांची गर्दी असते आणि पुष्कळजण आपली मोटार थेट वाळूत उतरवतात. तेव्हा आज ना उद्या हा धंदा गावोगाव विचारणा करत येणारच. तो येण्याआधी आपलं उत्तर तयार असावं म्हणून हा लेख.

आधी कबूल करतो, की मी स्वतः अशा फेरीत बसलो आहे. दोन वर्षांपूर्वी मुलांना घेऊन दक्षिणेकडच्या एका किनाऱ्यावर गेलो होतो. मुलं खूष झाली, मलाही मजा आली, खोटं कशाला बोलू? परंतु फेरी संपल्यावर मागे वळून पाहिलं तर वाळूच्या टेकडीवरची हिरवी वेल चाकांखाली चिरडून तिचे तुकडे झाले होते. वाटाड्या पोरगा चांगला होता, पण टेकडी चढवून दाखवली की पाहुणे बक्षिसी देतात हे तो शिकला होता. फेरीतली मजा टेकडीवरच असते आणि नुकसानही तिथेच होतं.

वाळूखाली काय आहे?

आपण किनाऱ्याची वाळू म्हणजे मोकळी, निरुपयोगी जागा समजतो. प्रत्यक्षात ती उंच वाळू म्हणजे तुमच्या वाडीचा बांध आहे. शेताचा बांध आपण हाताने घालतो, हा बांध वारा आणि वनस्पती मिळून घालतात. वाऱ्याने उडालेली वाळू मर्यादावेल आणि रावणाच्या मिशा यांसारख्या वनस्पतींत अडकते. त्या वाळूतून वेल पुन्हा वर येते, फांदीच्या पेरापेराला मुळं धरते, आणखी वाळू अडवते. असं करता करता टेकडी उभी राहते. त्यामागे वनखात्याने लावलेलं सुरू आणि सुरूच्या मागे आपली केळी, पानवेल, मोगरा, भाजीपाला.

या बांधाचं दुसरं काम डोळ्यांना दिसत नाही. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, कारण गोडं पाणी हलकं आणि खारं पाणी जड. याचं एक ठोकळ गणित आहे. समुद्राच्या पातळीपेक्षा गोडं पाणी एक फूट उंच साठलं असेल, तर त्याच्या खाली सुमारे चाळीस फूट गोड्या पाण्याचा थर असतो. उलट पाहिलं तर वरची पातळी अर्धा फूट उतरली, की खालचं खारं पाणी जवळजवळ वीस फूट वर सरकतं. आपल्या बावखळांचं आणि विहिरींचं पाणी या थरातून येतं.

विहिरी खाऱ्या होण्याचं मोठं कारण गाड्या नव्हेत, हेही स्पष्ट सांगतो. टँकरने झालेला भरमसाट उपसा, बुजवलेली बावखळं, चोरून उचललेली वाळू, ही मोठी कारणं आहेत. वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारख्यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून आंदोलन उभं केलं, ते उगीच नव्हे. मात्र आधीच अशक्त झालेल्या माणसाला ताप आणखी चढवू नये, एवढंच सांगणं आहे.

गाडी नेमकं काय करते?

ओल्या, घट्ट वाळूवरून गाडी गेली तर तिचा माग पुढच्या भरतीत पुसला जातो. कोरड्या, उंच वाळूवर तसं होत नाही. तिथे चाक वेलीची फांदी मोडतं, पेराची मुळं उपटतं आणि बांधलेली वाळू सुटी करतं. मग वारा ती वाळू उचलून मागे वाडीत नेऊन टाकतो. एकाच जागेवरून रोज फेऱ्या झाल्या तर टेकडीत खिंड पडते. उधाणाच्या दिवशी, त्यातून पश्चिमेचा वारा असला तर, लाट ती खिंड शोधून आत शिरते. बांधाला एक भगदाड पडलं की अख्ख्या खाचराचं पाणी जातं हे तुम्हाला मी सांगायला नको. इथे फरक एवढाच, की पाणी बाहेर न जाता आत येतं आणि ते खारं असतं. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आपल्यासमोरून समुद्रातून गेलं, आपल्याकडे जमिनीवर आलंसुद्धा नाही, तरी त्या वाऱ्याने काय केलं ते सगळ्यांना आठवत असेल.

एकदा खारं पाणी शिरलं की केळीच्या पानांच्या कडा करपतात, घेवड्यासारखी शेंगभाजी तर उभीच राहत नाही. नारळ तग धरतो, पण नुसत्या नारळावर आपली वाडी चालत नाही.

नुकसान शेतीपुरतं थांबत नाही. आपल्या कोळी भगिनी किनाऱ्यावर मासळी सुकवतात, ओहोटीला बायका शिंपल्या, तिसऱ्या वेचतात. जिथे सागरी कासवं अंडी घालतात, तिथे पिल्लं चाकांच्या चाकोरीत अडकून पडतात. बोटभर पिल्लाला ती चाकोरी खंदकासारखी असते.

भरतीचं गणित

वाटाड्या सोबत आहे म्हणून फेरी सुरक्षित, असं पाहुण्यांना वाटतं. पण वाटाड्याला तिथीचं गणित येतं का, हे आधी विचारा. आपल्या जुन्या मंडळींची रीत सोपी आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, त्या वाजता भरती. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास. ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी. अंदाजाला हे पुरतं. नेमक्या वेळेसाठी भरती-ओहोटीचं छापील कोष्टक पाहावं.

आता पाणी किती वेगाने चढतं ते पाहा. भरती सारख्या वेगाने येत नाही, सहा तासांपैकी मधल्या दोन तासांत निम्मं पाणी चढतं. उधाणाला आपल्याकडे पाणी चार मीटरच्या आसपास चढतं, म्हणजे त्या दोन तासांत दोन मीटर. सपाट किनाऱ्याचा उतार पन्नासास एक धरला, तर दोन तासांत समुद्र शंभर मीटर आत येतो. चाक रुतलेली गाडी काढायला दोन तास सहज जातात. जून २०२४ मध्ये कच्छमधील मुंद्रा इथे दोन दणकट जीपगाड्या हौसेने पाण्यात उतरवल्या, त्या रुतल्या आणि मालकांवर पोलिसांत गुन्हा दाखल झाला. दणकट गाडीचं तिथे काही चाललं नाही.

कायदा काय सांगतो?

किनारा नियंत्रण क्षेत्राची पहिली अधिसूचना १९९१ साली निघाली. सध्याची २०१९ ची आहे. तिच्यात वाळूच्या टेकड्या सर्वांत नाजूक वर्गात, म्हणजे 'एक-अ' मध्ये धरल्या आहेत. भरती आणि ओहोटीच्या रेषांमधला पट्टा 'एक-ब' मध्ये येतो. वाऱ्याने घडत असलेल्या टेकड्या सपाट करणे, त्यांचं रूप बदलणे याला मनाई आहे. किनाऱ्याच्या कायद्यावर लक्ष ठेवण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरीय समितीची तरतूद आहे. तिच्यात किनाऱ्यावरच्या पारंपरिक समाजांचे किमान तीन प्रतिनिधी असायला हवेत. ही गोष्ट सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींनी जरूर लक्षात ठेवावी.

२००९ साली महानगरपालिका झाल्यापासून आपल्या किनाऱ्याचा काही भाग पालिकेच्या हद्दीत आहे, अर्नाळ्यासारखा काही भाग ग्रामपंचायतीत. परंतु समुद्रकाठची ही सरकारी जमीन दोघांच्याही मालकीची नव्हे. तेव्हा नुसत्या पंचायतीच्या पावतीवर किंवा 'नाहरकत' दाखल्यावर कोणी गाड्या फिरवू लागला, तर पुढे उत्तर पंचायतीला द्यावं लागेल. शिवाय शेतजमीन बिगरशेती वापराला देताना आधी तहसील कार्यालयात विचारावं. नोंदणी आणि विमा नसलेली गाडी उलटून पाहुणा जखमी झाला, तर जागामालकही चौकशीच्या फेऱ्यात येऊ शकतो.

इतरांनी काय केलं?

गोव्याचं पोट पर्यटनावर आहे. तरीही तिथल्या पर्यटन खात्याने ऑक्टोबर २०२२ मध्ये आदेश काढून किनाऱ्यावर गाडी चालवायला बंदी घातली आणि पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड ठेवला. दक्षिण आफ्रिकेने डिसेंबर २००१ मध्ये किनाऱ्यावरच्या हौशी गाड्यांना देशभर मनाई केली. अमेरिकेत केप हॅटरास या किनाऱ्यावर २०१२ पासून परवाना घेऊन, ठरलेल्या वाटेनेच जाता येतं. पक्षी-कासवांच्या विणीच्या जागा बंद ठेवतात.

केरळात कण्णूरजवळ मुळप्पिलंगाड इथे सुमारे चार किलोमीटर किनाऱ्यावर गाड्या चालतात, हे उदाहरण गाडीवाले हमखास देतील. तिथे समोर पाण्यात खडक आहेत, लाटांचा जोर तिथेच मोडतो आणि वाळू घट्ट राहते. आपल्याकडची वाळू वेगळी आहे. एका गावचं बी दुसऱ्या गावच्या जमिनीत पेरण्याआधी आपण माती पाहतोच ना?

उलट रत्नागिरी जिल्ह्यातलं वेळास पाहा. २००२ पासून तिथे कासवांची अंडी राखायचं काम सुरू झालं. आता पिल्लं समुद्रात जाताना पाहायला लांबून लोक येतात, गावातल्या घरांत राहतात, घरचं जेवतात. पैसा घराघरांत जातो आणि किनारा शाबूत राहतो.

मग करायचं काय?

तरुणांना रोजगार नको असं माझं म्हणणं नाही. गाड्यांच्या धंद्यात गावातल्या दोन-चार पोरांना काम मिळेल हे खरं आहे. पण हिशेब पुरता मांडा. समजा महिना आठ हजार भाडं आलं, तर अकरा महिन्यांचे अठ्ठ्याऐंशी हजार एका घरात जातील. खारं पाणी मात्र शेजारच्या सगळ्या वाड्यांत जाईल, आणि त्याची भरपाई कुठल्याच करारात लिहिलेली नसते. म्हणून गावाने पुढील गोष्टी कराव्यात.

१. पर्यटनाचा हंगाम सुरू होण्याआधी ग्रामसभेत विषय घ्या आणि कोरड्या वाळूवर, टेकडीवर कुठलीही गाडी जाणार नाही असा ठराव करून तो तहसीलदार आणि पोलीस ठाण्याला पाठवा. पालिका हद्दीत असाल तर प्रभाग कार्यालयाला लेखी द्या.

२. किनाऱ्याकडे उतरणाऱ्या वाटांवर परवानगी घेऊन दगड किंवा खांब रोवा. माणूस आणि कोळ्यांची हातगाडी जाईल, मोटार जाणार नाही एवढंच अंतर ठेवा. रुग्णवाहिकेसाठी एक वाट कुलूपबंद साखळीने राखून ठेवा.

३. गाड्या सुरूच्या अलीकडेच थांबवा आणि तिथे पार्किंगची पावती गावाने फाडावी.

४. पाहुण्याला फिरवायचं तर वाडीत फिरवा. बावखळ, पानवेलीचा मांडव, सुकेळी कशी करतात, हे शहरातल्या माणसाला नवलाचं आहे. पक्क्या रस्त्याने वसईचा किल्ला, होडीने अर्नाळ्याचा किल्ला दाखवता येतो. कृषी पर्यटनाचं राज्याचं धोरण २०२० मध्ये आलं आहे. त्याखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते.

५. किनाऱ्यालगतच्या विहिरींचं पाणी दरवर्षी मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर तपासून घ्या, आकडे वहीत लिहून ठेवा. क्षारता मोजणारा 'ईसी' हा आकडा ०.७ च्या खाली असेल तर चिंता नाही, ३ च्या वर गेला तर त्या पाण्यावर केळीचा विचार सोडा.

त्या बागायतदार काकांना मी हेच सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "म्हणजे विहीर गेली, आता भाडंही सोडायचं?" त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. ज्याची वाडी आधीच गेली, त्यालाच आपण आणखी त्याग करायला सांगतो आहोत. म्हणून किनाऱ्याकाठच्या अशा शेतकऱ्याची जागा गावाने पार्किंगसाठी रीतसर परवानगीने घ्यावी आणि भाडं त्याला द्यावं, असं मी सुचवलं. राखण करणाऱ्याला राखणीचा मोबदला मिळाला तरच बांध राहील. काका पुढच्या ग्रामसभेत हा विषय मांडणार आहेत. तुमच्या गावातही तो मांडा. बैल गेला अन् झोपा केला, अशी वेळ येऊ देऊ नका.