भट्टीचं तापमान कोण लिहितं?

हीट ट्रीटमेंटच्या भट्टीवर आमच्या वस्तीतली मुलं राबतात. तापमान कसं मोजायचं याची कार्यपद्धती मात्र ऑफिसात इंग्रजीत लिहिली जाते, आणि ऑडिटर आला की फाईल बाहेर निघते.

एएमएस 2750 या मानकात दुसऱ्या वर्गाच्या भट्टीला ठरलेल्या तापमानाच्या वर-खाली 6 अंश सेल्सिअस एवढीच सूट आहे. चौकोनी भट्टीत आठ कोपरे आणि मध्य असे नऊ थर्मोकपल लावून ते तपासतात. के टाईप थर्मोकपल वापरून वापरून चुकीचं दाखवू लागतं. पडद्यावर 850, आत भलतंच! दार नीट बसत नाही, तिकडचा माल थंड राहतो, हे ऑपरेटरला ठाऊक असतं. त्याला विचारतो कोण? माल मऊ निघाला की मेमो मात्र त्यालाच.

बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला नुसती श्रमाची नव्हे, श्रमिकांचीही विभागणी म्हटलं. लिहिणारा वेगळा, भाजणारा वेगळा, ही त्याच जातकुळीतली गोष्ट. म्हणून मित्रांनो, कार्यपद्धती मराठीत मागा. थर्मोकपल कधी बदलायचं, आकडा जुळला नाही तर भट्टी कोण थांबवणार, हे त्यात हवं. लिहिणाऱ्यांत भट्टीवरच्या माणसाचं नावही हवं. आयटीआय झालेल्यांनी उद्याच्या शिफ्टला ती फाईल मागून बघा.